टाकीवरचे रंग

मागच्या मार्गशीर्षात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी दोन महिने गावी राहिलो. एरवी चार दिवसांच्या वर माझा मुक्काम होत नाही. पुण्याचं काम लॅपटॉपवर चालायचं, त्यामुळे दुपारनंतर मी मोकळाच. आमची वस्ती मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. हिवाळ्यात जिकडं बघावं तिकडं ज्वारी. आईची खाट सकाळी अंगणात उन्हाला टाकायची, ती तिथनं सगळ्यांवर नजर ठेवायची आणि आम्ही तिच्या नजरेखाली आपापली कामं करायची, असा दिवस असायचा.

कडबा काढताना एका सकाळी गोठ्यामागच्या छपरात आण्णांची राजदूत दिसली. दिसली म्हणजे ती तिथंच होती, आम्ही बघायचं सोडलं होतं. दोन्ही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, हँडलला कोंबड्यांची शिट. पुतण्या आयटीआयला आहे, तो सुट्टीला आलेला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, ही करायची का आपण? ह्या थंडीत करूनच टाकू."

आण्णांनी ती १९८४ साली घेतली. राजदूत एकशे पंचाहत्तर. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ नमुना पोलंडच्या गाडीचा. आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक, की ती फटफटी आहे, खड्ड्याला दाद देत नाही आणि दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवले तरी कच्च्या रस्त्यानं चालते. ‘बॉबी’ पिक्चरमधली छोटी राजदूत पोरापोरींना फिरायला होती. आमची मोठी, ती दूधवाल्यांची. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापून घालायचं, चार किका मारायच्या, निळा धूर निघाला की पहाटेचे पाच वाजले समजायचं. त्या धुराच्या वासात आम्ही दोघं भाऊ शाळा शिकलो.

पुतण्याच्या डोक्यात मात्र वेगळी गाडी होती. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. मागचं मडगार्ड कापलेलं, सीट एकट्यापुरती, टाकीला चमक नसलेला राखाडी रंग, सायलेन्सर आखूड. मी म्हणालो, "गाडी आरटीओत न्यायचीय. चेसीला हात लावला तर पासिंग होणार नाही. रंग बदलला तरी त्याची नोंद आरसीवर घालावी लागते." गाडीची पंधरा वर्षांची मुदत कधीच संपलेली. पुढं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पण त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते. शेवटी तह झाला. सीट नवी, हँडल त्याच्या पसंतीचं, रंग त्याच्या पसंतीचा. सांगाड्याला धक्का नाही. कॅन अडकवायचे दोन लोखंडी हूक तेवढे काढायचं ठरलं. "ते काढच," असं मीच म्हणालो. त्यानं त्याच दिवशी ग्राइंडर चालवला.

आठवडाभर नुसती खोलाखोली. नटांना डिझेल पाजून रात्रभर ठेवायचं, सकाळी पान्ह्याला पाईप लावून जोर काढायचा. सायलेन्सर आतनं काजळीनं बुजला होता. टू-स्ट्रोक गाडीचं हे दुखणं जुनंच. आण्णा करायचे तसंच आम्ही केलं, तो चुलवणात घातला. पाणी तापायच्या ऐवजी अंगणभर काळा तेलकट धूर. आई खाटेवरनं ओरडली, "आरं, मला मारायचं हाय का? दवाखान्यातनं जिती आणली न्हवं!"

टाकीच्या आत गंज होता. मूठभर बारीक खडी आणि पेट्रोल घालून ती आळीपाळीनं हलवत बसलो. खालच्या बाजूला सुईच्या अग्राएवढं भोक सापडलं. पुतण्या लगेच वेल्डिंग मशीन आणायला निघाला. आम्ही ज्यांना रंगासाठी बोलावलं होतं ते पेंटर, ट्रॉल्यांवर नावं घालणारे म्हातारे गृहस्थ, त्यांनी त्याला हाताला धरून थांबवलं. "पोरा, टाकी रिकामी दिसती म्हणून रिकामी नसती. आत वाफ असती. ठिणगी पडली की बाँब हाय ती." मग टाकी धुऊन, दोन दिवस पाण्यानं भरून ठेवून, तालुक्याच्या मिस्त्रीकडनं डाख लावून आणली.

थंडीत रंगकाम करायचं तर त्याचं तंत्र वेगळं. पेंटर म्हणाले, "सकाळी गन धरायची न्हाई. पत्रा गार असतो, दव असतं. थिनर उडताना पत्रा आणखी गार पडतो, त्यावर ओल धरती आन् रंग पांढरट मारतो. अकरा ते चार, एवढाच आपला टाइम." त्याआधी घासकाम. मडगार्डांना रिमूव्हर लावला, रंग सापाच्या कातीसारखा निघाला. टाकीपर्यंत येईतो डबा संपला. म्हणून टाकी वॉटर पेपरनं घासायची माझ्या वाट्याला आली. बादलीत पाणी, पाण्यात दोनशे-वीस नंबरचा कागद, आणि पौषातली थंडी. दहा मिनिटांत बोटं बधिर.

टाकीच्या डाव्या अंगाला कॅन घासून पोचा पडला होता, तिथनं सुरुवात केली. वरचा काळा रंग गेला आणि खालनं पिवळा आला. आणखी घासलं, तर पिवळ्याखाली निळा. त्याखाली पुन्हा काळा, कंपनीचा. मग राखाडी प्रायमर आणि मधोमध रुपयाएवढा पांढरा पत्रा. कापलेल्या कांद्यासारखी एकाभोवती एक कडी.

मी कागद हातात धरून तसाच बसलो. कारण मला विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की आमची गाडी पहिल्यापासून काळीच होती.

मग एकेक आठवायला लागलं. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायला आण्णा ऑइल पेंट आणायचे. उरलेला रंग वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका बेंदराचा निळा उरला, तो टाकीला. पुढं कधीतरी पिवळा उरला, तो टाकीला आणि दोन्ही डब्यांना. ब्रशनं, हातानं, ओघळांसकट. हळदीसारखा पिवळा. त्या पिवळ्या टाकीवर पुढं बसून मी स्कॉलरशिपच्या परीक्षेला गेलो होतो. ती टाकी मी पार पुसून टाकली होती.

का, तेही आठवलं. १९९१ साली मी सोलापूरला कॉलेजात होतो, हॉस्टेलवर. आण्णा महिन्यातनं एकदा पन्नासेक किलोमीटर गाडी हाणत यायचे. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, कधी तूप. गाडी थेट हॉस्टेलच्या फाटकात लावायचे. पिवळी टाकी, दोन्ही अंगांना कॅन, अंगाला दुधाचा आणि ऑइलचा वास. खोलीतल्या एका पोरानं विचारलं, "कोण आलंय रे, दूधवाला?" आणि मी हो म्हणालो. पुढचं काही बोललो नाही. त्या दिवशी आण्णांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो तेव्हा म्हणालो, "आण्णा, ही गाडी घेऊन इथं येऊ नका. कशी दिसते ती." ते टाकीकडं बघत "बरं" म्हणाले.

बास. एवढंच वाक्य. त्याच्यावर बत्तीस वर्षं मी काळा रंग देऊन ठेवला होता.

टाकी उचलून आईच्या खाटेजवळ नेली. म्हटलं, "आई, ही पिवळी होती ना गं?"

"व्हती की. तू न्हाई का म्हनलास त्यांला, वंगाळ दिसती म्हनून."

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"मला न्हाई सांगणार तर कुणाला? दुसऱ्याच दिवशी पंढरपूरला नेऊन टाकली पेंटरकडं. गन मारून, झ्याक काळी करून आणली. पोरं शिकल्याली असत्यात तिथं, बरं न्हाई दिसत, म्हनले. चार दिवस सायकलीवर दूध घातलं. दोन्ही बाजूला कॅन आन् वर हा चढ." तिनं ओढ्याच्या अंगाला हात केला. "मग नवी करून तुला दावाय आलते की. तू बघितलीस न्हवं?"

मी "हो" म्हणालो. बघितली होती खरी. ते पुन्हा गाडी घेऊनच आले, म्हणून मला राग आला होता. फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत गाडी लावून ते शेजारी उभे होते, टाकीवर हात ठेवून. टाकी आरशासारखी चमकत असणार. ती मला दिसली नाही. मला कॅनचे हूक दिसले. मी म्हणालो, "एसटीनं यायचं ना." आण्णांनी टाकीवरचा हात काढला. "व्हय, एसटीच बरी. वारं लई गार लागतं," म्हणाले. त्यानंतर ते कायम एसटीनं आले. त्यांना वाटलं होतं, पोराला रंगाची लाज वाटते. दुसऱ्या खेपेला त्यांना काय कळलं, ते मला आता कळत होतं.

२००९ साली ते गेले. अठरा वर्षं मध्ये होती. विषय काढायला ती पुरेशी होती. मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. माझ्या पहिल्या पगाराच्या वेळी, घराच्या वास्तुशांतीला, पोरांच्या बारशाला, दर वेळी ते एसटीनं आले आणि दर वेळी स्टँडवर घ्यायला गेलेल्या मला म्हणाले, "कशाला आलास, मी आलो असतो की."

संध्याकाळी पुतण्याला एवढंच म्हणालो, की टाकी पिवळी करायची का. त्यानं तोंड वाकडं केलं. "पिवळी? रिक्षावानी दिसंल, काका." मग मी त्याला सगळं सांगितलं, त्या पोराला "हो" म्हणालो होतो तेही. आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तो ऐकून गप्प बसला. थोड्या वेळानं उठून गोठ्यामागं गेला आणि कापलेले दोन्ही हूक घेऊन आला. "तुमचा भरवसा न्हवता, म्हणून भंगारात टाकलं न्हवतं," म्हणाला.

हूक मिस्त्रीनं पुन्हा जोडून दिले. पोचा ठोकून बऱ्यापैकी वर काढला, उरलेल्या खळग्यात पुट्टी भरली. मग प्रायमर, चारशे नंबर, सरफेसर, सहाशे नंबर. रंगाच्या दिवशी अंगणात पाणी मारून धूळ बसवली. फाट्यावरनं उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्या बाजूला साडी बांधली. भाऊ रात्रीच्या लाईटीवर गहू भिजवून झोपला होता, तो कंप्रेसरच्या आवाजानं उठला आणि डोळे चोळत बघत उभा राहिला. "आण्णांचाच रंग हाय की," एवढंच म्हणाला. पेंटरनी पातळ तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर रंग उन्हात सुकू दिला. रंग ओघळला नाही. आण्णांचा ओघळला होता. मला क्षणभर वाटलं, एखादा ओघळ असता तर बरं झालं असतं.

संक्रांतीनंतर गाडी उभी राहिली. सीट तपकिरी रेक्झिनची, हँडल पुतण्याच्या मनासारखं, टाकी आणि दोन्ही डबे पिवळे. रंगाच्या नोंदीचा अर्ज आणि नूतनीकरण अजून व्हायचंय, म्हणून गाडी रस्त्यावर काढायची नाही, शेतवाटेनंच फिरवायची, असं ठरलं. सात-आठ किकांत निळा धूर निघाला. मी आणि पुतण्या एक रिकामा कॅन अडकवून ओढ्यापर्यंत गेलो. क्लच ओढत होता, ब्रेक बेताचाच. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, त्यातनं वाट. ओढ्यापाशी थांबलो, इंजिन गार होऊ दिलं, परत फिरलो. चढ आला तसा मी गिअर खाली घेतला. सायकलीवर दोन भरले कॅन लावून हा चढ कसा चढत असतील, याचा हिशेब मनात चालू होता. तो जुळला नाही.

अंगणात गाडी लावली तर भावजय चुलीपुढं बसलेली. जेवायला अजून वेळ होता. मी विचारलं, "आज लवकर?"

"आत्यांनी लावलं बसायला," ती हसून म्हणाली. "चढाला पिवळं दिसलं की म्हनल्या, तवा ठेव. ज्वारीत दुसरं काय दिसतंय म्हनल्या, पिवळं दिसलं की मी पीठ मळाय घेत हुते, ते पाय धुऊन येस्तोवर पहिली भाकरी व्हायची."

मी आईकडं बघितलं. ती डोळे मिटून उन्हात पडली होती. जागी होती.

हात धुतले. नखांच्या कडेला पिवळा रंग होता, तो निघाला नाही. तसाच जेवायला बसलो.