वडिलांची लेन्स ग्वाल्हेरला

नवा डिजिटल कॅमेरा आला की जुनी लेन्स भंगारात, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं मुळीच नाही. माझ्या वडिलांची निकॉनची 50 मिलिमीटरची लेन्स चाळीस वर्षांची झाली. त्यांचा फिल्मचा कॅमेरा केव्हाच बंद पडला. लेन्स मात्र डिसेंबरात माझ्याबरोबर ग्वाल्हेरला आली.

ही जोडणी अगदी साधी. निकॉनने 1959 साली आणलेल्या एफ माउंटमध्ये लेन्सपासून फिल्मपर्यंत 46.5 मिलिमीटर अंतर ठेवलेलं, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. निकॉनच्या झेड माउंटमध्ये हे अंतर 16 मिलिमीटर. उरलेले 30.5 मिलिमीटर एक पोकळ कडं भरून काढतं, तोच अडॅप्टर. साध्या अडॅप्टरात ना काच, ना वायर. त्यामुळे लेन्स कुठली हे कॅमेऱ्याला कळत नाही. मेनूत 50 हा आकडा आपणच भरायचा. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने, फोकस हाताने. कॅमेरा उजेड मोजतो आणि फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतो, एवढंच.

ग्वाल्हेरला मोहम्मद गौसचा सोळाव्या शतकातला मकबरा आहे. त्याच आवारात तानसेनची समाधी. मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांसमोर माझी ऑटोफोकस लेन्स बहुतेक वेळा जवळची जाळीच पकडते. इथे ठरवायचं मी: जाळी हवी की पलीकडे बसलेला म्हातारा? एफ 2 वर दोघांपैकी एकच स्पष्ट. एफ 11 वर दोन्ही जमतील, पण आत अंधार, हात हलला की फोटो गेला. मी म्हातारा घेतला.

वडील फोंड्याच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचे. तानसेनच्या समाधीवर एकदा डोकं टेकायचं, असं नेहमी म्हणत. आधी रजा मिळेना, मग गुडघे चालेनात. राहूनच गेलं.

आता लेन्सविषयी. गोव्याच्या पावसाळ्याने तिच्या कडेला बुरशीचे पांढरे धागे धरलेत. समाधीच्या फोटोत ते जाणवले नाहीत; जाळीतून समोरचा उजेड आला तेव्हा मात्र काळा रंग राखाडी झाला. पणजीतल्या एका दुरुस्तीवाल्याचा हिशेब सरळ: उघडून पुसायला जेवढे पैसे, तेवढ्यात दुसरी जुनी लेन्स येईल. कचेरीत मीही असेच हिशेब मांडतो, तेव्हा त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पण फोकसच्या रिंगवरचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालंय, वडिलांच्या अंगठ्याने. दुसऱ्या लेन्सवर ते कुठून येणार? पुसूनच घेणार आहे.

तुमच्याही कपाटात अशी लेन्स असेल तर उजेडात धरून पाहा. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. आणि अधूनमधून वापरा.