समईतला ‘स’

घरी जुळवलेलं सर्किट अगदी मुकं असेल, तर त्याचं दुखणं लवकर सापडतं. कुठेतरी तार सुटलेली असते, नाहीतर ट्रान्झिस्टर उलटा बसलेला असतो. जीव टांगणीला लागतो तो बोलणाऱ्या, पण पुटपुटणाऱ्या सर्किटपाशी.

भाचीने बुधवार पेठेतून सुटे भाग आणून ब्रेडबोर्डवर माईकचा अॅम्प्लिफायर बसवला होता. “मामा, आवाज येतोय, पण पार लांबून. अजून एक ट्रान्झिस्टर लावू?”

“थांब गं. आहे त्याचं आधी ऐकून घेऊ.”

मल्टिमीटर घेऊन माईकपासून सुरुवात केली. बोटाच्या पेरावर मावणारा हा इलेक्ट्रेट माईक हातात धरला, की मला अजून नवल वाटतं. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यात विद्युतभार वर्षानुवर्षं टिकवून दाखवला, आणि माईक सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला. पडद्यामागच्या चिमुकल्या एफईटी ट्रान्झिस्टरला मात्र बाहेरून वीज द्यावी लागते. ती मिळत होती. पुढे बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. बेसवर १.६ व्होल्ट, एमिटरवर ०.९, कलेक्टरवर साडेचारच्या थोडं वर. ९ व्होल्टच्या बॅटरीचा हा मध्य, म्हणजे आवाजाच्या लाटेला वर आणि खाली सारखीच मोकळीक.

सगळं जागच्या जागी होतं. पण मीटरला दिसते ती स्थिर वीज; थरथरणाऱ्या विजेचं काय होतंय, ते कानालाच विचारावं लागतं. भाचीला म्हटलं, माईकपाशी ‘समई’ म्हण. हेडफोनमध्ये ‘स’ कसा टोकदार आला! मागचं ‘मई’ मात्र विरून गेलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. आता मला एमिटरकडे पाहावंसं वाटलं.

एमिटरखाली १ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. ट्रान्झिस्टर तापून जास्त वीज ओढू लागला, की याच्यावरचा व्होल्टेज वाढतो आणि ट्रान्झिस्टर आपोआप आवरला जातो. थोडा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची पट, सोडायचा आणि स्थैर्य मिळवायचं. हा सौदा केवढा मोलाचा आहे, हे १९२७ मध्ये हॅरोल्ड ब्लॅक यांना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर उमगलं. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी त्याची आकृती काढली. पण हा आवर आवाजालाही बसतो. कलेक्टरला ४.७ किलोओहम आणि एमिटरला १, म्हणजे गेन पाचाच्याही आत. म्हणून त्या रेझिस्टरला समांतर एक कपॅसिटर लावतात: स्थिर विजेने रेझिस्टरमधून जावं, आवाजाने कपॅसिटरमधून. मग तोच ट्रान्झिस्टर शंभराच्या वर गेन देतो. एवढ्याशा जोडणीत केवढी समज आहे!

इथे कपॅसिटर होता, पण पिवळसर, सिरॅमिकचा, वर ‘१०४’ छापलेला. दहावर चार शून्यं, तीही पिकोफॅरडमध्ये; म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. हवा होता १०० मायक्रोफॅरडचा. त्या चिमुकल्या वाटेने ‘स’ची उंच कंपनं थोडीफार निसटत होती, आणि ‘मई’च्या संथ, खालच्या लाटा रेझिस्टरपाशीच अडत होत्या. दुसरा ट्रान्झिस्टर लावला असता, तर हाच तुटका आवाज मोठ्याने ऐकू आला असता.

भाचीने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला, ऋण पाय ग्राउंडला आहे ना हे दोनदा पाहून. “समई,” ती म्हणाली, आणि अख्खा शब्द घुमला. मागोमाग छताच्या पंख्याची घरघर आली, आणि दिव्याच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुणही. माईकपासून बोर्डापर्यंतची वीतभर उघडी तार ती गोळा करत होती. भाचीचं तिकडे लक्ष गेलंच. शिल्डेड वायरच्या शोधात तिने माझा खण उपसायला घेतला.