जाड तार

सुरतेचं पांडेसरा म्हणजे डाइंग मिलांच्या चिमण्या. पण गल्लीबोळांत कान दिलात तर खानदेशी मराठी ऐकू येते. गोव्याहून गेलेल्या माझ्या कानाला ती फार गोड लागली. माझे साडू तिथे राहतात. त्यांची जुनी फियाट डायनॅमोवर चालायची. सिग्नलला थांबली की हेडलाइट पिवळे पडत, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणू लागे. डायनॅमो मंद फिरला की वीज देतो कुठे! म्हणून अल्टरनेटर बसवायचं ठरलं.

साडू म्हणाले, तार जुनीच राहू दे, पैसे वाचतील. धुळ्याकडचा मिस्त्री हसला. "भाऊ, पंप मोठा लावला अन् नळी तीच ठेवली तर?"

नळी फुटेल, इथे तार तापून पेटेल, आणि गाडीत पोरं बसतात. त्याने रेग्युलेटरची जुनी पेटी काढली (नव्या अल्टरनेटरच्या पोटातच रेग्युलेटर होता), बॅटरीपर्यंत जाड तार ओढली, मध्ये फ्यूज घातला. एक बारीक तार मात्र लाल दिव्यातूनच नेली. त्या दिव्यातून येणाऱ्या चिमूटभर विजेनेच म्हणे अल्टरनेटर जागा होतो. आम्हा कला शाखेवाल्यांना हे कोण सांगणार!

तारेचे पैसे साडूंनी कुरकुरतच दिले.