पाच पेशांचं जोडकार्ड

कार्ड जर्मन, गरुड जर्मन, त्या तांबड्या गरुडाची मूळ किंमतही जर्मनच, 10 फेनिग. पण वर काळ्या शाईत छापलंय '5 पेसा 5', आणि तिथे आलं की माझं भिंग थांबतं. पेसा म्हणजे आपला पैसा. जर्मन यायच्या आधीपासून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कच्छी, गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून आपला रुपया फिरत होता. जर्मन कंपनीने 1890 पासून स्वतःचा रुपया पाडला, त्यावर कैसरचा चेहरा घातला, पण मोजणी जुनीच ठेवली : रुपयाचे चौसष्ट पेसे. आपल्याकडे 1957 पर्यंत आज्यांनी भाजीचा हिशेब केला तो याच चौसष्टाने.

हा एक शब्द नीट वाचता आला की कार्डाचं वर्ष ओळखण्याचं निम्मं काम झालं. नुसता पेसा, वसाहतीचं नाव नाही, तर छाप 1893चा. सोबत 'डॉइच-ओस्टआफ्रिका', म्हणजे जर्मन पूर्व आफ्रिका, आलं, तर 1896 किंवा नंतरचा. गरुड जाऊन कैसरची 'होहेनत्सोलर्न' नौका आली, की आपण 1901 साली पोचलो. नौका तीच पण खाली हेलर, तर 1905च्या पुढे. तोवर रुपयाचे शंभर हेलर झाले होते आणि आपला पैसा त्या किनाऱ्यावरून उतरला होता. मला दरवेळी इथे थोडं वाईट वाटतं.

जर्मनांच्याच नैर्ऋत्य आफ्रिकेच्या छापात तर एका जोडरेघेवर वर्ष ठरतं. 1897मध्ये ती 'आफ्रिका'च्या आधी आहे, 1898मध्ये नाही. आणि काहीच छाप नसलेलं साधं जर्मन कार्ड हाती आलं, तरी ते बाजूला टाकू नये. शिक्का वाचावा. बागामोयो, टांगा, दारेस्सलाम; कधीकधी सगळी ओळख त्या गोल शाईतच असते.

माझं हे जोडकार्ड आहे. पहिल्या अर्ध्यावर मजकूर आणि टांगा बंदराचा शिक्का. दुसरं अर्धं उत्तरासाठी, त्याचेही पाच पेसे आधीच भरलेले. उत्तराचं कार्ड जिथून आलं त्याच देशाला परत जाऊ शकत असे, दुसरीकडे कुठेही नाही. हे गेलं नाही. अशी न फाडलेली जोडी संग्राहक शोधत असतात, मीही कितीतरी दिवस शोधत होतो.

घडीवर कागद विरत चाललाय. मी दुसरं अर्धं उघडतो. पत्त्याच्या रेघा कोऱ्याच आहेत.