मातीचं बूच

गंगाखेडच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाच्या हिशेबात नाग, घोणस, मण्यार, धामण आणि मांडूळ असले की साप संपले. मांडुळाची शेपूटही तोंडासारखी बोथट, म्हणून तो दुतोंड्या. गुप्तधन आणि लाखांचे सौदे यांच्या अफवाही त्याच्याच नावावर.

पावसाळ्यात लोणावळ्याला मेव्हण्यांकडे गेलो होतो. दोन सरींच्या मधे त्यांचा थोरला परसातला कुजका पाला ओढत होता. खालून वीतभर, तपकिरी, पिवळ्या ठिपक्यांचं काहीतरी वळवळलं. मी म्हणालो, "दुतोंड्याचं पिल्लू!"

"नाही मामा, खापरखवल्या. बिनविषारी आहे, चावतही नाही." पोरगा प्राणिशास्त्र शिकतो, त्यामुळे पुढचा तास आमच्या नशिबी व्याख्यान होतं.

मी उकिडवा बसून बघत राहिलो. तोंड निमुळतं, डोळे मोहरीहून बारीक. शेपूट मात्र तिरकी छाटल्यासारखी, वर खरखरीत खवल्यांची चपटी ढाल आणि तिला चिकटलेला चिखल. तोंड मातीत खुपसून तो आत शिरला. सगळ्यात शेवटी शेपूट गेली आणि त्या चिखलाने भोकाला बूच बसलं. मागून कुणी झडप घातलीच तर आधी ही ढालच हाती लागणार.

या कुळातले साप जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत. खाणं मुख्यतः गांडुळांचं; अंडी न घालता थेट पिल्लं देतात. आम्ही पाहिलेला फिप्सनचा खापरखवल्या सह्याद्रीबाहेर सापडत नाही. त्याचं शास्त्रीय वर्णन १८८८ सालचं. फिप्सन हा मुंबईचा दारूचा व्यापारी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सुरुवातीचं बिऱ्हाड त्याच्याच दुकानात होतं. धंदा सांभाळून असले नाद करणारी माणसं मला आवडतात. महाबळेश्वरच्या नावाचाही एक खापरखवल्या आहे, १९५५ मध्ये नोंदवलेला. आणि याच कुळातल्या एका काळ्या सापाला २०१६ मध्ये पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचं नाव मिळालं.

एवढं असून पावसात रस्त्यावर आले की हे चाकाखाली जातात, नाहीतर विषारी समजून ठेचले जातात. मेव्हण्यांच्या गल्लीतच एक चिरडलेला दिसला.

गंगाखेडला परतल्यावर चुलत्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, शेपटीकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याला काय भाव येतो रे?"

"काही नाही, काका."

"मग बरंय," म्हणाले, "वाचंल बिचारं."