7042 यार्ड

न्यू ऑर्लिन्स सेंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावफळीने 2012 च्या हंगामात 16 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना 7042 यार्ड बहाल केले. सामन्यामागे सरासरी 440. एनएफएलच्या इतिहासात एवढी मोकळीक तोवर कोणत्याच संघाने दिली नव्हती. आधीचा नकोसा विक्रम 1981 च्या बाल्टिमोर कोल्ट्सचा होता. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझने त्या वर्षी पाच हजारांहून अधिक यार्डांचे पास फेकले, संघाने 461 गुण केले, तरी 454 गुण गमावून तो 9 सामने हरला. ब्रीझच्या मेहनतीचे असे मातेरे व्हावे, हे फार क्लेशदायक होते.

संघाची घडी आधीच विस्कटली होती. प्रतिस्पर्ध्याला जायबंदी केल्यास बक्षिसी देण्याचे प्रकरण उघडकीस आले आणि मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन वर्षभर निलंबित झाले. बचावाची सूत्रे नव्याने आलेल्या स्टीव्ह स्पॅग्नुओलोंकडे होती. त्यांच्या रचनेत प्रत्येकाने नेमकी आपली जागा राखणे अत्यावश्यक. एकजण चुकला की मागे मोकळे मैदान. पहिले चारही सामने गेले. हंगामानंतर स्पॅग्नुओलोंना काढण्यात आले, पण दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल: कॅन्सस सिटीच्या बचावाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी पुढे तीन सुपर बोल जिंकले. सेंट्सचा बचाव मात्र 2013 मध्ये रॉब रायन यांच्या हाताखाली थेट चौथ्या क्रमांकावर पोहोचला.