‘तूर्त’ आणि ‘तुर्तु’

हुबळी-धारवाडच्या रुग्णालयांत ज्या दाराला सर्वजण ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, त्याला कन्नडमध्ये ‘तुर्तु चिकित्सा घटक’ असे नाव आहे. तुर्तु म्हणजे तातडीचे. आपल्या ‘तूर्त’चेच हे भावंड, परंतु मराठीत तूर्त म्हणजे सध्यापुरते, आणि घरगुती बोलण्यात तर ती ‘नको’ म्हणण्याची सौम्य रीत. ‘तूर्त राहू दे, सकाळी बघू.’ गेल्या पावसाळ्यात आमच्या हल्याळच्या आत्याबाई दुपारी तीनपासून रात्री नवापर्यंत हेच म्हणत बसल्या होत्या.

त्यांचे वय 81. मुलगा पुण्यात, नात बंगळुरूत. शेजाऱ्यांनी अखेर त्यांना गाडीत घालून धारवाडला आमच्याकडे आणले आणि तेथून आम्ही हुबळीच्या एका रुग्णालयात गेलो. कोणते, हे सांगण्यात अर्थ नाही. जे घडले ते कोठेही घडले असते. आम्ही केसपेपर काढण्यासाठी खिडकीशी उभे होतो. आत तरुण डॉक्टरांनी आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत विचारले, काय होते? आत्याबाई म्हणाल्या, ‘जीव घाबरा होतोय.’ शेजारच्या परिचारिकेला त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला. ‘गाबरी आगब्याड्री, अज्जी,’ असे म्हणून तिने त्यांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. घाबरू नका, आजी. कन्नडमधील ‘गाबरी’ म्हणजे भय, गडबडून जाणे. म्हातारी रुग्णालय पाहून भ्यायली आहे, असा निष्कर्ष निघाला आणि तिला बाकावर बसवून ठेवण्यात आले.

मराठी वाचकास सांगावयास नको की ‘जीव घाबरा होणे’ हे भय नव्हे. ती शरीराची तक्रार आहे: छातीत धडधड, श्वास अपुरा, घाम, आता काही खरे नाही अशी भावना. वृद्धांमध्ये, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये विशेषतः, हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत कळ न येताच येतो. थकवा, धाप, घाम, मळमळ एवढेच त्याचे रूप असते. म्हणजे ज्या वयात दुखण्याचे वर्णन सर्वांत नेमके समजावयास हवे, त्याच वयात ते सर्वांत धूसर असते. असा संशय असेल तर रुग्ण दाराशी आल्यापासून 10 मिनिटांत हृदयाचा आलेख काढावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. आत्याबाईंचा आलेख निघावयास पाऊण तास लागला. आम्ही आत येऊन ‘बेवरु’, ‘उसिराटद तोंदरे’ हे शब्द उच्चारल्यावर, म्हणजे घाम आणि श्वासाचा त्रास, डॉक्टर अक्षरशः धावले. झटकाच होता. आत्याबाई वाचल्या. हृदयाचा जो भाग त्या वेळात गेला, तो गेला.

आम्हांस त्या परिचारिकेचा राग येत नाही. परका शब्द आला असता तर तिने दुभाषा शोधला असता. ओळखीचा शब्द आला म्हणूनच घात झाला. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या या मुलखात दोन्ही भाषांनी एकमेकींच्या घरातून बरेच काही उसने नेले आणि परत करताना अर्थ बदलून टाकले. आपले ‘संकट’ बाहेरून कोसळते. कन्नड ‘संकट’ पोटात आणि छातीतही होते. उलट ‘त्रास’ मात्र उत्तर कर्नाटकाच्या बोलीत जवळजवळ तसाच नांदतो, तो बिनधोक वापरावा. आणि ‘कसंतरीच होतंय’ हे केवळ मराठी म्हातारपणाचे वैशिष्ट्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कन्नड आजीचे ‘ओंथरा आगतैति’ ऐकावे. तिचे ते डॉक्टरांना एका क्षणात उमगते, कारण त्यांच्या घरची आजीही तेच म्हणते.

आत्याबाईंना कन्नड येत नव्हते असे नाही. पन्नास वर्षे त्यांनी हल्याळच्या बाजारात कन्नडमध्ये घासाघीस केली. पण उशिरा शिकलेली भाषा दुखण्यात अनेकांना सोडून जाते. शिवाय दिवसा बाह्यरुग्ण विभागात जावयाचे तर रांग, अर्ज आणि सोबतीला बोलणारा माणूस हवा. ज्याला प्रत्येक फेरीस दुभाषा मागावा लागतो, तो फेऱ्या वाचवतो. मग एके रात्री 108 ची गाडी किंवा शेजाऱ्याची जीप त्याला थेट तुर्तु दारात आणून सोडते.

हल्याळ तालुक्यातील गावे आपल्या 865 च्या मागणीत आहेत, धारवाड नाही. परंतु तेथील मोठे दुखणे येते ते धारवाड-हुबळीलाच. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, या तरतुदीसाठी आम्ही वर्षानुवर्षे निवेदने दिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये केलेली रुग्णहक्कांची सनद टक्केवारी विचारत नाही. रुग्णाला समजेल त्या भाषेत सांगावे, एवढेच म्हणते. पाट्यांच्या लढाईत आम्ही तिच्याकडे पाहिलेच नव्हते, हे कबूल करावयास हवे.

तूर्त (येथे मराठी अर्थानेच) आम्ही एक कागद केला आहे. एका बाजूस मराठीत दुखण्यांचे शब्द, समोर त्यांचा अर्थ कन्नड लिपीत: डोळ्यांपुढे अंधारी, धाप, छातीत जळजळ, जीव घाबरा होणे. खाली चालू औषधे आणि मुलाचा दूरध्वनी. आत्याबाईंच्या पिशवीत तो घडी घालून असतो. ‘पोटात कालवणे’ आणि ‘भडभडून येणे’ यांना अजून समाधानकारक कन्नड सापडलेले नाही. खानापूर, निपाणी, बिदरकडील वाचकांच्या घरी त्यासाठी काय म्हणतात, ते अवश्य कळवावे.